आऱ्हेनियसचे सरळव्याज, आपले चक्रवाढ

हवामानबदलाचा विषय निघाला की तो उपग्रहांचा, महासंगणकांचा आणि आंतरराष्ट्रीय परिषदांचा विषय आहे, सामान्य माणसाच्या अंकगणिताशी त्याचा काही संबंध नाही, असा एक समज सुशिक्षितांतही रूढ झाला आहे. वस्तुतः या विषयातील पहिली मोठी आकडेमोड एका माणसाने एकट्याने, कागद आणि टाक घेऊन, सुमारे वर्षभर खपून पुरी केली. त्या आकडेमोडीला आता सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. तिच्यातील बरेच काही बरोबर ठरले आणि जे चुकले तेही फार बोधप्रद रीतीने चुकले. म्हणूनच स्वांटे आऱ्हेनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाच्या चरित्राकडे आज पुन्हा वळावेसे वाटते. आपापल्या घरातील धुराचा हिशेब मांडू पाहणाऱ्या प्रत्येकाला त्याच्या यशापासून आणि त्याच्या चुकीपासून सारखेच शिकण्यासारखे आहे.

आऱ्हेनियसचा जन्म १९ फेब्रुवारी १८५९ रोजी स्वीडनमधील उप्साला या विद्यापीठाच्या गावाजवळ झाला. वडील जमीनमोजणीचे आणि जमीनजुमल्याच्या व्यवस्थेचे काम करीत. त्यांच्या हिशेबाच्या वह्यांमधील बेरजा पाहता पाहता हा मुलगा अगदी लहानपणी अंकगणित शिकला, आणि वाचायलाही तो तिसऱ्या वर्षीच आपले आपण शिकला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. वह्यांतील रकान्यांची ही गोडी पुढे जन्मभर त्याच्या सोबतीला राहिली. प्रयोगशाळेत उपकरणे जुळवीत बसण्यापेक्षा इतरांनी घेतलेली मापे एकत्र करावीत, त्यांची कोष्टके मांडावीत आणि त्यांतून दडलेला नियम हुडकून काढावा, याकडेच त्याच्या बुद्धीचा कल होता.

उप्साला विद्यापीठाने मात्र आपल्या या विद्यार्थ्याला फारसे ओळखले नाही. तेथील अध्यापनाला कंटाळून तो १८८१ साली स्टॉकहोमला गेला आणि द्रावणांतून वीज कशी वाहते याचा अभ्यास करू लागला. मीठ पाण्यात विरघळले की त्याचे विद्युत्भारित कणांत विघटन होते, ही आज शाळकरी मुलांनाही ठाऊक असलेली कल्पना त्याच्या १८८४ सालच्या प्रबंधातून जन्माला आली. परीक्षकांना ती रुचली नाही. प्रबंध उत्तीर्ण झाला, पण इतक्या खालच्या श्रेणीत की मायदेशी प्राध्यापकपदाची वाट जवळजवळ बंद व्हावी. आऱ्हेनियसने प्रबंधाच्या प्रती युरोपातील नामवंत रसायनशास्त्रज्ञांकडे पाठवल्या. त्यांपैकी ओस्टवाल्ट हा स्वतः त्याला भेटण्यासाठी उप्सालाला आला आणि मग विद्यापीठाची दृष्टी थोडी निवळली. पुढे १९०३ साली याच सिद्धान्तासाठी त्याला रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. नोबेल मिळवणारा तो पहिला स्वीडिश नागरिक होय.

परंतु आज त्याचे नाव ज्या कामासाठी घेतले जाते त्याचा या पारितोषिकाशी काही संबंध नाही. १८९०च्या दशकात स्टॉकहोमच्या विद्वन्मंडळींत हिमयुगांविषयी जोराची चर्चा चालू होती. एकेकाळी उत्तर युरोप मैलभर जाडीच्या बर्फाखाली गाडलेला होता, हे भूशास्त्रज्ञांनी सिद्ध केले होते. तो बर्फ आला कसा आणि गेला कसा, हे मात्र कोणाला सांगता येत नव्हते. सूर्याची उष्णता जमिनीवर पोचू देणारे, पण जमिनीतून परत निघालेली उष्णता काही अंशी अडवून धरणारे वातावरण हेच पृथ्वीच्या उबेचे कारण आहे, हा विचार फुरिये या फ्रेंच गणितज्ञाने १८२४ साली मांडला होता. ही अडवणूक नेमके कोणते वायू करतात ते आयर्लंडमध्ये जन्मलेल्या जॉन टिंडलने १८५९ साली, म्हणजे आऱ्हेनियसच्या जन्मवर्षीच, प्रयोगाने दाखवले. त्यांत पाण्याची वाफ आणि कार्बन डाय-ऑक्साइड, म्हणजे सोयीसाठी आपण ज्याला कर्बवायू म्हणू तो, हे दोन प्रमुख होते. प्रश्न उरला होता तो किती याचा. हवेतला कर्बवायू अमुक पट झाला तर जमीन किती अंशांनी तापेल, आणि तो घटला तर किती अंशांनी गारठेल, हे कोणी मोजले नव्हते.

आऱ्हेनियसने ते मोजायचे ठरवले. १८९४ सालच्या नाताळच्या सुमारास तो या कामाला बसला. याच काळात त्याचे घर मोडत होते. सोफिया रुडबेक या आपल्या बुद्धिमान विद्यार्थिनीशी त्याने १८९४ सालीच विवाह केला होता, पुढच्या वर्षी मुलगा झाला आणि १८९६ साली विवाह संपुष्टात आला. घरातल्या दुःखावर त्याने आकड्यांचा उतारा शोधला असावा, असे म्हणायला जागा आहे.

मापे त्याची स्वतःची नव्हतीच. सॅम्युअल लँग्ली या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने चंद्राकडून येणारी उष्णता मोजून ठेवली होती. त्याचा हेतू चंद्राचे तापमान काढण्याचा होता. आऱ्हेनियसने त्या नोंदींकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. चंद्र माथ्यावर असतो तेव्हा त्याचे किरण हवेच्या थोड्या जाडीतून येतात. क्षितिजाजवळ असतो तेव्हा तेच किरण कितीतरी अधिक हवा कापून येतात. या दोन मापांतील फरकावरून हवेने वाटेत किती उष्णता गिळली, आणि तिच्यातील वाफेचा व कर्बवायूचा वाटा किती, हे काढता येते. मग त्याने पृथ्वीचे उत्तर अक्षांश ७० पासून दक्षिण अक्षांश ६० पर्यंत दहा-दहा अंशांचे पट्टे पाडले, वर्षाचे चार ऋतू धरले आणि कर्बवायू दोन-तृतीयांश, दीडपट, दुप्पट, अडीचपट व तिप्पट झाल्यास प्रत्येक पट्ट्याचे प्रत्येक ऋतूतील तापमान किती बदलेल याचे कोष्टक तयार केले. हवा तापली की ती अधिक वाफ धरते आणि ती वाफ आणखी उष्णता अडवते, हा फेराही त्याने हिशेबात घेतला. एप्रिल १८९६ मध्ये हा निबंध लंडनहून निघणाऱ्या एका प्रतिष्ठित तत्त्वज्ञान-विज्ञानविषयक मासिकात प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष असा होता की कर्बवायू दुप्पट झाला तर पृथ्वीचे तापमान पाच ते सहा अंश सेल्सिअसने वाढेल आणि निम्मा झाला तर जवळपास तितक्याच अंशांनी घटेल. वाढ ध्रुवांकडे अधिक, विषुववृत्ताकडे कमी. हिवाळ्यात अधिक, उन्हाळ्यात कमी होईल, असेही त्या आकड्यांतून निघाले. शिवाय एक सुटसुटीत नियम हाती आला. कर्बवायू भूमितिश्रेढीने वाढला तर तापमान गणितश्रेढीने वाढते. म्हणजे कर्बवायूच्या प्रत्येक दुपटीमागे तापमानात साधारण सारखीच भर पडत जाते. हा नियम आजही शास्त्रज्ञांच्या वापरात आहे. महाराष्ट्रीय वाचकाला या कोष्टकातील आणखी एका ओळीचे कुतूहल वाटावे. उत्तर अक्षांश १० ते २० हा पट्टा त्यात आहे. मुंबई, पुणे, सोलापूर याच पट्ट्यात येतात. दुपटीच्या रकान्यात या ओळीसमोर जवळपास पाच अंशांची वाढ मांडलेली आहे. ज्या प्रदेशात त्याने कधी पाऊल ठेवले नाही त्याच्या भविष्याचा आकडा १८९६ साली स्टॉकहोममध्ये कागदावर उतरला होता.

कोळशाचा सहस्रांश

आऱ्हेनियसला स्वारस्य होते ते हिमयुगात. माणसाच्या हातून हवा बदलेल ही शक्यता त्या निबंधात बाजूने आली, आणि तीही आर्विड हॉगबोम या त्याच्या भूशास्त्रज्ञ सहकाऱ्यामुळे. निसर्गात कर्बवायू कोठून येतो व कोठे जातो याचा ताळेबंद हॉगबोमने मांडला होता. त्यात त्याने जगभर जळणाऱ्या कोळशाचाही रकाना घातला. त्या वेळी जगात वर्षाला सुमारे ५० कोटी टन कोळसा जळत असे. त्यापासून निघणारा कर्बवायू हवेतील एकूण कर्बवायूच्या जेमतेम एक सहस्रांश भरतो, असे गणित निघाले. त्यातलाही मोठा भाग समुद्र शोषून घेतील, असा आऱ्हेनियसचा कयास होता. या गतीने हवा लक्षणीय बदलायला हजारो वर्षे लागणार होती. पुढे १९०८ च्या सुमारास, कोळशाचा खप झपाट्याने वाढतो आहे हे पाहून, त्याने हा काळ काही शतकांवर आणला. पण त्याला भीती वाटली नाही. हवा थोडी उबदार झाली तर थंड प्रदेशांतील लोकांना सुसह्य हवामान लाभेल, वाढत्या लोकसंख्येला पिके अधिक मिळतील, अशी आशाच त्याने व्यक्त केली.

त्याच्या हयातीत या सिद्धान्ताचे फारसे स्वागत झाले नाही. १९०० साली क्नूट आंगस्ट्रॉम या त्याच्याच देशबांधवाने प्रयोगाच्या आधारे आक्षेप घेतला की, आहे तेवढाच कर्बवायू आपल्या वाट्याची उष्णता पूर्णपणे अडवतो. आणखी वाढला तरी फरक पडणार नाही. आऱ्हेनियसने उत्तर दिले, पण हवामानशास्त्रज्ञांनी कित्येक दशके आक्षेपच खरा मानला. वातावरणाच्या उंच, विरळ थरांतून उष्णता बाहेर निसटते आणि तेथे वायू वाढला की निसटण्याची जागा अधिक उंच व अधिक थंड होते, म्हणून तापमान वाढतच राहते, हे स्पष्ट व्हायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला.

आऱ्हेनियस स्वतः १९०५ पासून अखेरपर्यंत नोबेल संस्थेच्या भौतिक-रसायन विभागाचा संचालक होता. त्या अधिकाराचा उपयोग त्याने नेहमीच निरपेक्षपणे केला असे नाही. मेंडेलीव्हसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाला १९०६ साली नोबेल नाकारले गेले, त्यामागे आऱ्हेनियसचा विरोध होता असे मानले जाते. वंशशुद्धीच्या त्या काळी प्रतिष्ठित असलेल्या, पण पुढे युरोपला विनाशाकडे नेणाऱ्या चळवळीतही तो सामील होता. थोर गणिती बुद्धीला माणसांची किंमत करताना किती मोठी भूल पडू शकते याचे हे उदाहरण आहे आणि ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. २ ऑक्टोबर १९२७ रोजी स्टॉकहोममध्ये त्याचे निधन झाले.

कोष्टकातला दीडपटीचा रकाना

त्यानंतर अकरा वर्षांनी, १९३८ साली, गाय कॅलेंडर या इंग्रज अभियंत्याने जगातील हवामानकेंद्रांच्या नोंदी जुळवून पृथ्वी खरोखरच तापू लागल्याचे दाखवले. १९५८ साली चार्ल्स कीलिंगने हवाई बेटांवरील मौना लोआ येथे कर्बवायूचे अखंड मापन सुरू केले. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत सुमारे ३१५ भाग कर्बवायू होता. यंत्रयुगाच्या आधी तो सुमारे २८० होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. २८० ची दीडपट ४२०. म्हणजे आऱ्हेनियसच्या कोष्टकातील दीडपटीच्या रकान्यात आपण येऊन पोचलो आहोत.

त्या रकान्यातील वाढ तीन अंशांहून थोडी अधिक आहे. प्रत्यक्षात यंत्रयुगापूर्वीच्या तुलनेत गेल्या दशकाची सरासरी वाढ सव्वा अंशाच्या आसपास आणि एकट्या २०२४ या वर्षाची दीड अंशाच्या आसपास आहे. लँग्लीची मापे आजच्या मानाने ढोबळ होती, समुद्र तापायला वेळ लागतो आणि धुरातील सूक्ष्म कण थोडी सावलीही धरतात. हवामानबदलाच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञमंडळाने २०२१ साली दुपटीमागे तीन अंश हा सर्वांत संभाव्य आकडा दिला आहे. एकट्या माणसाने टाकाने केलेल्या आकडेमोडीला यापेक्षा मोठे प्रशस्तिपत्र काय हवे? भौतिकशास्त्रात आऱ्हेनियस फार चुकला नाही. तो चुकला तो माणसाच्या भुकेच्या हिशेबात.

त्याने कोळशाला सरळव्याज लावले. ५० कोटी टन दरसाल, म्हणजे एक सहस्रांश दरसाल, म्हणजे हजारो वर्षे निश्चिंती. जग मात्र चक्रवाढीने चालले होते. आज वर्षाला साडेआठशे कोटी टनांहून अधिक कोळसा जळतो, म्हणजे त्याच्या काळाच्या सतरापट. सव्वाशे वर्षांत सतरापट होण्यासाठी वाढीचा दर दरसाल दोन टक्क्यांच्या थोडा वर असला तरी पुरतो. कर्ज काढलेल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे गणित समजावून सांगावे लागणार नाही. आऱ्हेनियसच्या काळी जगाची लोकसंख्या सुमारे १६० कोटी होती. माणशी कोळसा पडत होता सुमारे ३०० किलो. आज लोकसंख्या ८०० कोटींच्या वर आहे आणि माणशी कोळसा पडतो एक टनाहून अधिक. तेल आणि नैसर्गिक वायू त्यात धरलेलेच नाहीत. त्या सहस्रांशाचा आता शतांश झाला आहे: दरवर्षी आपण हवेतील एकूण कर्बवायूच्या सुमारे एक टक्का इतका नवा कर्बवायू सोडतो आणि त्यातला जवळपास निम्मा हवेतच साचून राहतो.

त्याची दुसरी चूक अधिक मानवी होती. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात बसलेल्या माणसाला उबेचे स्वागत करावेसे वाटले, यात नवल नाही. पण कोष्टकातील तोच आकडा विदर्भातील मे महिन्यात रस्त्यावर खडी पसरणाऱ्या मजुराच्या बाजूने वाचला तर त्याचा अर्थ पार उलटा होतो. गणिताचे उत्तर सर्वांना एकच असते. त्या उत्तरातील नफा कोणाचा आणि तोटा कोणाचा, हे गणित सांगत नाही.

आपल्या घरचा हिशेब

या दोन चुका ध्यानात ठेवून आपण आपल्या घरचा हिशेब मांडू. त्याला लागणारे गणित शालेय आहे. कार्बनचे १२ भाग जळताना हवेतील ऑक्सिजनचे ३२ भाग घेतात आणि ४४ भाग कर्बवायू होतो. म्हणून पाऊण किलोहून कमी वजनाचा एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो कर्बवायू निघतो आणि १४.२ किलोच्या गॅस सिलिंडरमधून सुमारे ४२ किलो. कोळशावर मोठी भिस्त असलेल्या आपल्या देशात विजेच्या एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो धरावा. आता चौघांचे एक मध्यमवर्गीय कुटुंब कल्पू. वर्षाला आठ सिलिंडर, दरमहा १५० युनिट वीज आणि स्कूटरला दरमहा १५ लिटर पेट्रोल. गॅसचे ३३६ किलो, विजेचे १,२६० आणि पेट्रोलचे ४१४. एकूण २,०१० किलो, म्हणजे माणशी सुमारे ५०० किलो.

हा आकडा तीन गोष्टी सांगतो. पहिली, भारताची दरडोई सरासरी सुमारे दोन टन आहे, म्हणजे घरात दिसणारा हिस्सा तिच्या जेमतेम चतुर्थांश. बाकीचा हिस्सा सिमेंट, पोलाद, खते, मालवाहतूक यांत दडलेला असतो. तो घरमालकाच्या वहीत येत नाही. दुसरी, जगातील सुमारे ३,७०० कोटी टन कर्बवायू ८०० कोटींत वाटला तर माणशी साडेचार टनांच्या वर पडतो आणि अमेरिकेत तो सुमारे १४ टन आहे. सर्वांनी सारखाच संयम पाळावा असा उपदेश या आकड्यांपुढे टिकत नाही. मात्र आपल्या देशाच्या सरासरीआड लपण्याचा अधिकार आपल्यापैकी सुखवस्तूंनाही नाही. गडचिरोलीच्या पाड्यावरील कुटुंब आणि शहरात दोन मोटारी, चार वातानुकूलन यंत्रे बाळगणारे कुटुंब यांची मिळून ती सरासरी झालेली असते.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वरच्या हिशेबात सहा-दशांशांहून अधिक वाटा विजेचा आहे. त्या कुटुंबाने काटकसर करून विजेचा वापर तिसऱ्या हिश्शाने घटवला तर वर्षाला ४२० किलो वाचतील. तेच, काटकसर न करताही, विजेच्या युनिटमागचा कर्बवायू निम्म्यावर आला तर ६३० किलो वाचतील. बटण घरात असले तरी धुराडे चंद्रपूरला आणि कोराडीला आहे. घरचा हिशेब करण्याचा खरा उपयोग हा की कोणता प्रश्न स्वतःला विचारायचा आणि कोणता सरकारला, हे त्यातून कळते. सारा दोष गृहिणीच्या शेगडीवर आणि नोकरदाराच्या स्कूटरवर ढकलून मोठ्या उत्पादकांना मोकळे सोडणे हे हिशेबाचे विडंबन होईल. आणि धुराडे सरकारचे आहे म्हणून आपण वाटेल तशी वीज उधळणे हेही तितकेच अप्रामाणिक होईल.

यासाठी फार मोठ्या योजनेची गरज नाही. प्रत्येक वीजबिलावर युनिटांच्या शेजारी त्यामागे किती किलो कर्बवायू निघाला तो आकडा आणि गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याचा आकडा ठळकपणे छापावा. शाळेत चक्रवाढव्याज शिकवताना सावकार आणि बँक यांच्या जोडीला कोळशाचे एक उदाहरण घालावे. नववी-दहावीच्या मुलांनी आपल्या घराचा वर्षाचा हिशेब मांडून आणावा. आऱ्हेनियस वडिलांच्या वहीतील बेरजा पाहून हिशेब शिकला आणि मोठेपणी त्याच कौशल्याने साऱ्या पृथ्वीचा ताळेबंद मांडून गेला. त्याच्या कोष्टकात दीडपटीनंतरचा रकाना दुपटीचा आहे. त्या रकान्यात आपण केव्हा पोचणार, किंवा पोचणार की नाही, हे आता व्याजाच्या दरावर अवलंबून आहे, आणि तो दर ठरवणे अजून आपल्या हाती आहे.